भिंतीवरची घुगरी

ममता चव्हाणला त्या उन्हाळ्यात एकच कागद हवा होता: एकशेवीस तास काम केल्याचं नगरपंचायतीचं प्रमाणपत्र. तो कॉलेजात जमा झाला की कला पदवीच्या शेवटच्या सत्राचा तिचा निकाल लागणार होता. नाही झाला तर नावापुढं ‘राखीव’ असा शेरा पडणार होता. निकाल हाती आला तर दारव्ह्याकडच्या एका आश्रमशाळेतल्या चित्रकला शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करता येत होता. अर्जाची शेवटची तारीख तीस जून होती. बावीस वर्षांच्या पोरीला इतकं हिशेबी असण्याचं कारण एवढंच, की चित्रकलेची जागा जिल्ह्यात रोज निघत नाही. मागची कधी निघाली होती ते तिच्या सरांनाही आठवत नव्हतं.

ममता बंजारा तांड्यावरची. वडील गुलाबसिंग चार एकरांत सोयाबीन आणि तूर घेत. आई लालीबाई, तांड्याच्या बोलीत याडी, शेतातलं आणि घरातलं दोन्ही ओढायची. यवतमाळच्या वसतिगृहात तीन वर्षं काढून ममता परत आली होती, कारण कॉलेजनं ‘कार्यप्रशिक्षण’ स्वतःच शोधा असं सांगितलं होतं आणि तांड्यापासून जवळचं सरकारी दार म्हणजे पिंपळदरा नगरपंचायत. तिथं ‘शहर सुशोभीकरण व सार्वजनिक कला’ नावाचा उपक्रम होता. त्याची फाइल आरोग्य विभागाच्या लोखंडी कपाटात असायची, सार्वजनिक शौचालयं आणि घंटागाड्या यांच्या मधल्या कप्प्यात.

उपक्रम सांभाळायचा कपिल वानखडे. पद शहर समन्वयक, वय एकोणतीस, नेमणूक अकरा महिन्यांची, दरवर्षी नव्यानं. ममतासोबत तिच्याच वर्गातली, कळंबची सलोनी नावाची दुसरी विद्यार्थिनी होती. पहिल्या दिवशी कपिलनं दोघींना बसायला खुर्च्या शोधल्या. एकच मिळाली.

“एकीनं बसा, एकीनं उभं राहा, दर तासानं बदला,” तो म्हणाला. “मीबी सुरुवातीले असाच होतो.”

पहिले चाळीस तास चित्राशी संबंध आला नाही. त्यांनी घंटागाड्यांवर नंबर घातले. डब्यांवर ‘ओला’ आणि ‘सुका’ लिहिलं. शौचालयांचे फोटो काढून संगणकावर चढवले. प्रत्येक कामाचे दोन फोटो लागत, एक ‘पूर्वी’ आणि एक ‘नंतर’, आणि दोन्हींवर जागा आणि वेळ आपोआप उमटलेली असावी लागे. सलोनी म्हणायची, “आपण चित्रकार नाही ममे, आपण ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ आहो.” ममता हसायची नाही. ती रोज हजेरीपटावर तास लिहायची आणि खाली बेरीज ओढायची.

एप्रिलमध्ये भिंत आली. आठवडी बाजाराच्या मैदानाची, बत्तीस फूट लांब. नागपूरच्या सल्लागारानं तिचं चित्र आधीच आखून पाठवलं होतं: डावीकडं कापूस वेचणारं जोडपं, मध्ये शहराचं नाव, उजवीकडं बंजारा स्त्री. स्त्रीच्या अंगावर आरसे लावलेली काचळी, म्हणजे चोळी, आणि कानांच्या बाजूला केसांत गुंफून गालांवर लोंबणारे चांदीचे झुबके, म्हणजे घुगरी. चेहरा मात्र साबणाच्या जाहिरातीतला होता.

कॉलेजचे सर फोनवर म्हणाले, “छापील चेहरा चालणार नाही. प्रत्यक्ष पाहून काढलेला हवा. मूल्यांकनात मी तेच बघणार.”

बाजार गुरुवारचा. त्या भिंतीच्या बरोबर समोर, कडुलिंबाच्या सावलीत, सुखीबाई जाधव नावाची म्हातारी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या, लिंबं आणि मिरच्या घेऊन बसायची. बाकीचे दिवस ती दुसऱ्या गावांचे बाजार करायची, पण इथली तिची जागा वीस वर्षांची. चेहरा कोरडा, उभ्या रेघांचा, नाक सरळ. पदर कपाळापर्यंत. ममतानं जवळ जाऊन बंजाऱ्यांच्या गोर बोलीत विचारलं तेव्हा ती आधी चमकली.

“तारो नाम कांयी?” तिनं उलट नाव विचारलं.

ममतानं नाव सांगितलं, तांडा सांगितला. चित्र काढायचंय, तुमचा चेहरा हवा, हेही सांगितलं.

“काढ न,” सुखीबाई म्हणाली. पुढचं ती शेजारणींनाही ऐकू जावं म्हणून बाजारच्या बोलीत म्हणाली. “पण गिऱ्हाईक आलं तं मी हलन. मंग म्हनू नको, बुढीनं नाक हलवलं.”

चार गुरुवार ममतानं तिच्यासमोर बसून वही भरली. बाकीचे दिवस सकाळी साडेसहा ते दहा भिंतीवर काम. दहानंतर भिंत इतकी तापायची की ब्रश टेकवला की रंग तिथंच सुकायचा, पुढं ओढला जात नसे. सलोनीनं कापसाचं जोडपं घेतलं आणि पाचव्या दिवशी उन्हानं तिच्या नाकातून रक्त आलं. दोन दिवस ती कळंबला जाऊन झोपली. ममतानं तिचं जोडपंही रंगवलं. पोटऱ्या दुखायच्या. घरी गेल्यावर भाकरी मोडताना बोटं वळायची नाहीत.

उजव्या बाजूला ती शेवटी आली. चेहरा वहीतून घेतला. दागिने सल्लागाराच्या कागदावरून. घुगरीसाठी तिनं चंदेरी ऑइल पेंट वापरला, कारण पाण्यातल्या रंगाला तशी चकाकी येत नाही.

“तुमच्यात असं घालतेत काय?” सलोनीनं विचारलं.

“हो. जुन्या बाया घालतेत,” ममता म्हणाली. तिनं जुन्या फोटोंत पाहिलं होतं. तिची आई तर लग्नानंतर साडीच नेसत आली.

काम संपल्यावर कपिलनं एक फॉर्म पुढं केला. त्यात एक ओळ होती: ‘चित्र स्थानिक संस्कृतीशी सुसंगत आहे काय? तपासणाऱ्याची सही.’

“तूच कर सही,” तो म्हणाला. “तू तं त्यातलीच. दुसरा कोण सांगणार आपल्याले?”

ममतानं ‘होय’वर खूण केली आणि सही केली. एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी भिंतीचा ‘नंतर’ फोटो संगणकावर चढला. हजेरीपटावर एकशेचौदा तास झाले होते. राहिलेले सहा तास म्हणजे दोन सकाळी, डबे आणि नंबर.

गुरुवारी ती बाजाराच्या कोपऱ्यावर डब्यावर ‘सुका’ लिहीत होती, तेव्हा सुखीबाईच्या जागेवरून हसण्याचा आवाज आला. बाया कमरेवर हात ठेवून भिंतीकडं पाहत होत्या.

“अवो सुखीबाई, मिठाई कवा देता?”

“आमाले सांगतलंबी नाई, आन् लगन उरकून घेतलं!”

“नवरदेव कुठी ठेवला? भिंतीच्या मांगं?”

सुखीबाई उभी होती. तिनं ममताला हाक मारली. आवाज चढलेला नव्हता.

“पोरी, इकडं ये. मले कोणाच्या घरी देल्लं वो तू?”

ममताला कळेना. “काय झालं नानी?”

“माह्या डोक्शाले घुगरी लावली तू. माहा मालक जाऊन अकरा वर्षं झाले. ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी माह्या जावेनं ते उतरवलं. तुले तुह्या याडीनं सांगतलं नाई?”

ममताच्या हातात ब्रश होता. त्यावरचा निळा रंग तिच्या सलवारीवर गळत राहिला. शेजारची मिरचीवाली म्हणाली, “जाऊ द्या, शिकलेली पोट्टी हाये,” आणि पुन्हा सगळ्या हसल्या. सुखीबाई मात्र बसली आणि जुड्यांवर पाणी शिंपडू लागली.

त्या संध्याकाळी ममतानं आईला फोनवरचा फोटो दाखवला. लालीबाईनं हात पुसले, फोन लांब धरला.

“हिचा मालक हाये?”

“नाई.”

“मंग घुगरी काहून?”

“मले माहीत नव्हतं, याडी. तू कधी सांगितलं?”

“तू कधी इचारलं?” लालीबाई म्हणाली. “माही घुगरी पेटीत हाये. लगनात एक दिवस घातली, कान दुखले. मालक हाये तवरच घालायची, सांगासारखं काय त्यात? जशी गळ्यातली काळी पोत तशी घुगरी.”

“मी पुसून टाकते.”

“पुसलं तं कागद भेटन काय?”

ममतानं फोन परत घेतला. फोटो चढल्यानंतर भिंतीला हात लावायचा नाही, हे तिला माहीत होतं.

“मंग नको पुसू,” आई म्हणाली. “तिले आठ दिवसांतून एक दिवस तथी बसाचं हाये. तुले जलमभर नोकरी कराची हाये.”

दुसऱ्या दिवशी ममतानं कपिलला सगळं सांगितलं. तो संगणकासमोर डबा उघडून बसला होता.

“म्हणजे चुकलं?”

“हो सर.”

“आणि सही तुही.”

“हो.”

“तुले माहीत नव्हतं? मंग मले माहीत असन काय?” त्यानं डबा बाजूला सारला. “हे पाय. तपासणी पथक येणार. त्याईच्या हातात हा फोटो राहीन आणि समोर ते भिंत राहीन. दोन्ही जुळले तं ते शेरा देतेत. शेरा आला तं तुहं प्रमाणपत्र निघते, त्याच्या आधी मशीनच काढू देत नाही. जुळलं नाही तं ‘काम अपूर्ण’. तुहं बी, माहं बी. माही अकरा महिन्याची ऑर्डर जूनमधे संपते.”

“पथक कधी येणार?”

“पाच जूनले.”

“मग सहा जूनले पुसू?”

“सहा जूनले तू त्या भिंतीवर मुख्याधिकाऱ्याचा फोटो काढ, मले काही देणंघेणं नाही.”

हे ठीक होतं. पाच आठवडे. ममतानं राहिलेले सहा तास भरले, सही घेतली आणि थांबली. सलोनीही थांबली, पण कळंबला, पंख्याखाली.

पुढच्या गुरुवारी सुखीबाई जागेवर नव्हती. कडुलिंबाखाली चपला विकणारा एक माणूस बसला होता. मिरचीवालीनं सांगितलं, “ते तिकडं मासोळीवाल्याईच्या ओळीत गेली. म्हणे, सामने आपलंच थोबाड पाहून धंदा होत नाई.”

मासळीची ओळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, उघड्या नाल्याच्या कडेला होती. सावली नव्हती. ममता तिकडं गेली नाही. तिनं स्वतःला सांगितलं की जून आला की सगळं नीट होईल.

पाच जूनला पथक आलं नाही. बारा तारखेला येणार असं कळलं, मग एकोणीस. कपिल तारखा सांगताना आता तिच्याकडं पाहत नसे. मृगाची पेरणी खोळंबली होती, गुलाबसिंग बियाण्याच्या पिशव्यांवर बसून आभाळाकडं न पाहता मोबाइल पाहायचा. ममता रोज कॉलेजच्या संकेतस्थळावर निकाल उघडायची. सलोनीच्या आणि तिच्या नावापुढं तोच शब्द होता, ‘राखीव’.

बारा जून गुरुवार होता. पथक आलं नाही म्हणून ती कार्यालयातून निघाली आणि पाय मासळीच्या ओळीकडं वळले. सुखीबाईनं डोक्यावर ओला टॉवेल टाकला होता.

“नानी, थोडे दिवस राहिले. साहेब लोक येऊन गेले की मी पुसते.”

“बरं.”

“तुम्ही तिकडं सावलीत बसा न तोवर.”

सुखीबाईनं एका गिऱ्हाइकाला चार लिंबं मोजून दिली. मग म्हणाली, “माहा पोरगा बाजार समितीत हमाली करते. त्या भिंतीसमोरच्या रस्त्यानं जाये. आता मांगून फिरून जाते, रेल्वेच्या पट्ट्यानं. पाठीवर पोतं राहते त्याच्या. मी म्हनलं, बापा, सीधा जाय न. तं म्हणे, याडी, मले तथून जायाले जमत नाई.” तिनं टॉवेल सारखा केला. “मले लोकं हासले तं हासले. मी बाजारची बाई हावो. त्याले काई बोलता येत नाई.”

परतीच्या जीपमध्ये मागच्या फळीवर बसून तिनं हिशेब केला. एकोणीसला पथक आलं तर शेरा यायला आठ दिवस. म्हणजे सत्तावीस. तीसच्या आत जेमतेम बसत होतं. एकोणीसला नाही आलं तर मग तो पोरगा फिरून जातच राहणार आणि तिला कागदही मिळणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच पथकाला बांधलेल्या होत्या आणि पथक कुठं होतं ते कोणालाच माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी सहा वाजता ती भिंतीपाशी होती. वरून पाण्यातला रंग मारला तर चंदेरी खालून चमकत राहणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं पत्र्याच्या पट्टीनं आधी झुबके खरवडले, मग पॉलिश पेपरनं घासले. चंदेरी रंगाचा बारीक भुगा तिच्या पापण्यांवर बसला. प्रायमरचे दोन हात, मध्ये वाळायला वेळ. मग पदर ओढून कानांवर आणला, सुखीबाई घेते तसा, कपाळापर्यंत. हे सगळं वहीत होतं. वहीत ते पहिल्यापासूनच तसं होतं. अकराच्या सुमारास संपलं. कोणी आलं नाही, एक कुत्रं सोडून.

सोमवारी कपिल भिंत पाहून आला आणि खुर्चीत बसून राहिला.

“चार दिवस थांबता येत नव्हतं?”

“तुम्ही सांगा सर, एकोणीसले येतील?”

त्यानं फाइल उघडली, मिटली. मग म्हणाला, “आता एकच रस्ता हाये. हे नवीन काम दाखवू. ‘भिंतचित्र देखभाल व दुरुस्ती’. घुगरीवाला फोटो झाला ‘पूर्वी’, आजचा झाला ‘नंतर’. पण मंग ते पुढच्या फेरीत जाते. पुढची फेरी ऑगस्टमधे.”

“आणि प्रमाणपत्र?”

“तेबी ऑगस्टमधे.”

“सलोनीचं?”

“तिचं डावीकडचं जोडपं हाये. ते मी वेगळं काढतो. तिले अडकवू नको.”

एकोणीस तारखेला पथक आलं. दोन माणसं, एक गाडी. उन्हात उभं राहून त्यांनी डाव्या बाजूचा फोटो जुळवला, पाणी मागितलं, आणि उजवीकडं न जाताच गाडीत बसले. कपिलनं हे ममताला फोनवर सांगितलं. का सांगितलं ते त्यालाही कळलं नसावं.

सव्वीसला सलोनीचा निकाल लागला. तिनं फोन केला आणि आधी रडली ममताच. मग सलोनी म्हणाली, “मी त्या जागेचा फॉर्म नाही भरत.” ममता म्हणाली, “भर. येड्यासारखं करू नको. जागा रिकामी ठेवून मला काय मिळणार?” सलोनीनं भरला. तीस जून गेला. त्या आठवड्यात पेरणी झाली आणि ममता तिफणीमागं, मग निंदणाला शेतात होती.

प्रमाणपत्र ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी निघालं. कपिलची नेमणूक पुन्हा अकरा महिन्यांसाठी झाली होती. त्यानं कागद पुढं केला. कामाच्या स्वरूपापुढं छापलं होतं: ‘देखभाल व दुरुस्ती’.

“यात चित्र असा शब्द घालता येईल काय सर?”

“यादीतून निवडावं लागते. यादीत तो शब्द नाही.” तो थोडा ओशाळला. “मी शोधला होता.”

ममतानं कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. बाजार भरला होता. कडुलिंबाखाली चपलावाला पक्का झाला होता, त्यानं वर ताडपत्रीही बांधली होती. भिंतीवरची बाई पदर घेऊन त्याच्या चपलांकडं पाहत होती. ममता मासळीच्या ओळीत गेली. सुखीबाईपुढं आता दोन टोपल्या होत्या.

“नानी, पुसलं मी. जूनमध्येच.”

“पाह्यलं. पोरानं सांगतलं मले. आता जाते तो सीधा.”

“मग तुम्ही जुन्या जागी काहून नाही बसत? त्या चपलावाल्याले उठवता येईल.”

“कायले?” सुखीबाई म्हणाली. “मासोळी घेतली का लिंबू लागते, सांबार लागते. तथी दिवसभर बसून राहो तं अर्धं वापस न्यावं लागे. अथी तीन वाजता टोपली खाली होते.” तिनं वर पाहिलं. “तुह्या कागदाचं काय झालं?”

“भेटला.”

“मंग? मास्तरीन झाली?”

“ती जागा गेली. दुसरी निघाली की बघू.”

“कवा निघन?”

“माहीत नाही.”

सुखीबाईनं मान हलवली, म्हणजे ऐकलं. एक माणूस हातात मासळीची पिशवी घेऊन टोपलीकडं येत होता आणि मध्ये ममता उभी होती.

“जरा बाजूले सरक वो पोरी,” सुखीबाई म्हणाली. “गिऱ्हाईक दिसत नाई मले.”

ममता बाजूला सरकली.